मी हिरवी केलेली वडवणी

छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळापासून लातूरच्या विमानतळापर्यंत नकाशावर सरळ रेघ ओढली, तर ती जवळजवळ बीड जिल्ह्यातल्या वडवणीच्या डोक्यावरून जाते. अंतर साधारण १९५ किलोमीटर. सेसना १७२ हे चार जणांचं छोटं विमान साडेपाच हजार फुटांवरून नेलं, तर तासाभराचं उड्डाण. वाटेत गोदावरी ओलांडायची, डाव्या हाताला माजलगावचं धरण दिसतं, खाली वडवणी येते, मग उजवीकडे धारूरचा किल्ला आणि पुढे डावीकडे अंबाजोगाई. मी मूळचा इथलाच. या मार्गानं मी फक्त संगणकावरच्या सिम्युलेटरमध्ये उडालो आहे, आणि त्या मार्गाखालची जमीन मीच बसवली आहे. ती बसवताना मी ज्या चुका केल्या त्यांतल्या काही तांत्रिक होत्या. त्या सुधारता आल्या. एक मात्र माझ्या नजरेतलीच होती. ती कळायला फार उशीर झाला.

एक्स-प्लेन या सिम्युलेटरमध्ये सुरुवातीला वडवणीच्या जागी रस्ते तेवढे ओळखीचे होते. बाकी सगळं परकं. उतरत्या लाल छपरांची युरोपी घरं, त्यांच्याभोवती कुठल्यातरी थंड देशातली झाडं, आणि मैलोन् मैल एकाच कापडासारखं अंथरलेलं रान. माळवदं नाहीत, पत्र्याची घरं नाहीत, बांध नाहीत, काळी जमीन आणि मुरमाड जमीन यांतला फरक नाही. २०२० च्या ऑगस्टमध्ये मायक्रोसॉफ्टचा नवा फ्लाइट सिम्युलेटर आला आणि त्यानं सगळ्या जगाचं आकाशातून घेतलेलं चित्र इंटरनेटवरून थेट जमिनीवर पसरायला सुरुवात केली. पण त्याला सतत वेगवान नेट लागतं, आणि मला आपल्या भागाची जमीन स्वतःच्या हातानं घडवायची होती. एक्स-प्लेनसाठी ऑस्कर पिलोट यांचा ऑर्थोफोरएक्सपी नावाचा मोफत प्रोग्राम आहे. त्यावर मी काम सुरू केलं.

काम असं चालतं. प्रोग्राम पृथ्वीचे एक अंश बाय एक अंश असे चौकोन घेतो. त्याला टाइल म्हणतात. आपल्याकडे अशी एक टाइल उत्तर-दक्षिण १११ आणि पूर्व-पश्चिम सुमारे १०५ किलोमीटरची होते. तलाव, नद्या, रस्ते यांच्या रेघा ओपनस्ट्रीटमॅपवरून येतात. तो नकाशा जगभरातल्या स्वयंसेवकांनी काढलेला आहे. जमिनीची उंची वेगळ्या माहितीतून येते. या दोन्हींतून त्रिकोणांचं जाळं विणलं जातं. शेवटी त्या जाळ्यावर विमानातून किंवा उपग्रहातून घेतलेलं चित्र ताणून बसवतात. हे चित्र आधीच ऑर्थो केलेलं असतं, म्हणजे डोंगर-दऱ्यांमुळे आणि कॅमेऱ्याच्या तिरकेपणामुळे सरकलेली जमीन तिच्या जागी आणलेली असते. सरळ होते ती फक्त जमीन. परळीच्या औष्णिक केंद्राची उंच धुराडी चित्रात आडवी झोपलेलीच राहतात आणि शेजारी त्यांची सावली. ती नंतर वेगळी उभी करावी लागतात.

पहिली चूक हावेची. चित्राच्या बारकाव्याला झूम लेव्हल म्हणतात. आपल्या अक्षांशावर १६ व्या लेव्हलला चित्राचा एक ठिपका सव्वादोन मीटर जमीन व्यापतो, १७ ला सव्वा मीटरहून थोडी कमी, १८ ला जेमतेम ५६ सेंटिमीटर. प्रत्येक पायरीला माहिती चौपट होते. १७ ला एक टाइल सहा जीबीच्या घरात जाते, १८ ला चोवीसच्या. मला प्रत्येक बांध दिसायला हवा होता, म्हणून मी अख्खी टाइल १८ ला उतरवली. डिस्क भरली, ग्राफिक कार्डाची मेमरी पुरेना, विमान वळलं की चित्र अडखळायचं. आणि साडेपाच हजार फुटांवर, म्हणजे जमिनीपासून जवळपास चार हजार फूट वर, १६ आणि १८ मध्ये डोळ्याला फारसा फरक कळतच नाही. सगळीकडे १६ ठेवायची आणि विमानतळाभोवती किंवा जिथं खाली उतरून उडायचंय तिथंच १८ चा तुकडा आखायचा, ही सोय प्रोग्राममध्येच आहे. मी ते पान वाचलंच नव्हतं.

ओव्हरले विसरणं ही दुसरी. रस्त्यावरची वाहनं, विजेचे खांब, झाडं आणि घरं ही वेगळ्या थरात असतात आणि सिम्युलेटरच्या मूळ सिनरीतून, म्हणजे त्याच्या आयत्या भूदृश्यातून, काढून वर ठेवावी लागतात. तो थर न ठेवल्यामुळे माझी पहिली वडवणी जमिनीवर चिकटवलेल्या पोस्टरासारखी सपाट होती. हे दोन दिवसांत निस्तरता येतं. निस्तरलंही.

खरी अडचण वडवणीच्या जागेमुळे आली. १९ अंश उत्तर अक्षांशाची रेघ आणि ७६ अंश पूर्व रेखांशाची रेघ एकमेकींना छेदतात ती जागा वडवणीच्या जवळच आहे. त्यामुळे हा परिसर चार टाइल्समध्ये वाटला जातो. बीड शहर एकीत, माजलगावचं धरण दुसरीत, धारूर आणि अंबाजोगाई तिसरीत, आणि गेवराईकडचा भाग चौथीत. मी त्या वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या ठिकाणची चित्रं घेऊन तयार केल्या. शिवाय एकाच टाइलच्या आतलं चित्रही अनेक पट्ट्यांचं शिवलेलं असतं. एक पट्टा पावसाळा संपताना घेतलेला, शेजारचा ऐन उन्हाळ्यातला. परिणाम असा की शेताच्या मधोमध पट्टी ठेवून मारल्यासारखी सरळ रेघ. अलीकडे गर्द हिरवं, पलीकडे भाजलेलं. एकच शेत, अर्धं आश्विनातलं आणि अर्धं वैशाखातलं.

ती रेघ मला खुपायची. ती घालवायला मी रंग जुळवायला घेतले. रंग जुळवताना एक पट्टा प्रमाण मानून बाकीचे त्याच्याकडे ओढावे लागतात. मी सगळ्यात हिरवा पट्टा प्रमाण मानला. त्याला कारण नव्हतं. तो सुंदर दिसत होता इतकंच. तपकिरी भागातला लाल रंग दाबला, हिरवा चढवला, उजेड कमी केला. रेघा नाहीशा झाल्या. वरून पाहिलं तर बालाघाटाच्या पायथ्यापासून सिंदफणा नदीपर्यंत एकसंध हिरवाई. मी त्याची चित्रं मित्रांना पाठवली. सगळ्यांनी वाहवा केली. बरेच दिवस मी त्या हिरव्या वडवणीवरून समाधानानं उडत होतो.

माझे मामा तालुक्यातच शेती करतात. उमेदीची वर्षं त्यांनी कोयता घेऊन साखर कारखान्याच्या उसाच्या फडात काढली. लॅपटॉपवर मी त्यांना त्यांचं शिवार दाखवलं, अगदी खाली उतरून. त्यांनी घर ओळखलं, विहीर ओळखली. मग मान पुढं घालून बराच वेळ पाहत राहिले.

"कव्हाचा फोटो हाय ह्यो?"

"अलीकडचाच असेल, मामा."

"म्हैना कोन्ता?"

मला सांगता येईना. त्यांनी पडद्यावर बोट टेकवलं. "ही कडब्याची गंजी बघ. म्हंजी ज्वारी काढून झाली. हितं पऱ्हाटी उपटून बांधाला लावलीय. शिमग्याच्या आगंमागं असंल. मंग रान हिरवं कसं? गंजी आन् हिरवं रान एका टायमाला कव्हा दिसतं का?"

गंजी तिथं होतीच. सात-आठ ठिपके लांब, फिक्या पिवळ्या रंगाची, वायव्येला तिची बारीक सावली. मी ती शंभर वेळा पाहिली असेन आणि माझ्या लेखी तो एक फिका डाग होता. पऱ्हाट्यांचे ढीगही बांधाला लागून तपकिरी ठिपक्यांत दिसत होते. मामांनी त्या चित्राची तिथी सांगितली, आणि ती बरोबर होती. नंतर जुन्या उपग्रहचित्रांशी ताडून पाहिलं तर तो पट्टा मार्चमधलाच निघाला. चित्राला तारीख असते, ही एवढी साधी गोष्ट. मी त्या जमिनीला तारखेविना सजवत बसलो होतो.

मामा त्यावर आणखी काही बोलले नाहीत. मला मात्र ते हिरवं पुन्हा बघवेना, आणि त्याचं कारण रंगांची जुळवाजुळव एवढंच नव्हतं. ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी राज्य सरकारनं ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. बीड जिल्ह्यातले तीन तालुके त्या यादीत होते: वडवणी, धारूर आणि अंबाजोगाई. केंद्राच्या २०१६ च्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेप्रमाणे आधी पावसाची तूट पाहतात. मग पेरणी किती झाली, जमिनीत ओल किती, साठ्यांत पाणी किती, आणि उपग्रहानं मोजलेला पिकांचा हिरवेपणा किती, हे तपासतात. सगळ्यात शेवटी निवडक गावांत जाऊन प्रत्यक्ष पाहणी. हिरवेपणा मोजायची रीत अशी की, टवटवीत पान लाल प्रकाश शोषून घेतं आणि डोळ्याला न दिसणारा जवळचा अवरक्त प्रकाश परतवतं. पान सुकलं की हा फरक कमी होतो. या दोन आकड्यांतून काढलेला निर्देशांक नेहमीच्या वर्षांशी ताडून पाहतात.

म्हणजे वडवणी वरून किती हिरवी दिसते हा इथल्या माणसांसाठी सरकारी मदतीचा, वसुलीच्या सवलतीचा, परीक्षा फी माफीचा प्रश्न आहे. आणि मी खुर्चीत बसून, एका पट्टीवर माऊस सरकवून, तो तालुका हिरवा केला होता. माझ्या सिनरीनं कुणाची मदत अडणार नव्हती, हे मला माहीत आहे. पण मराठवाड्यातून वर्षातले सात-आठ महिने पुसून टाकले की इथली माणसं दिवाळीच्या सुमारास बैलगाड्या जुंपून आणि ट्रॅक्टरनं ऊसतोडीला का जातात, हे त्या चित्रातून कुणाला कधीच कळणार नाही. ज्या मातीत मी वाढलो तिचा खरा रंग मला सुधारावासा वाटला, हे मला फार लागलं. तो फिका, धुळकट, उन्हानं उडालेला रंग दोष नव्हता. दोष धरणारी माझी नजर होती.

त्यानंतर मी सगळ्या टाइल्स पुन्हा उघडल्या, आणि तारखेचा प्रश्न घेऊन जिथं हात घातला तिथं काहीतरी निघालं. सगळ्यात मोठं निघालं माजलगावच्या धरणात.

सिंदफणेवरचं हे धरण जायकवाडी प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यातलं. ओपनस्ट्रीटमॅपवर त्याची कडा तुडुंब भरलेल्या जलाशयाची होती. प्रोग्राम त्या कडेच्या आत सिम्युलेटरचं पाणी भरतो आणि त्यावर चित्राचा थर किती दाट ठेवायचा ते आपल्याला ठरवू देतो. माझं चित्र होतं पाणी पार खाली गेलेल्या महिन्यांतलं. काठाजवळ मला पाण्याखालून तपकिरी-हिरव्या चौकोनी आकृत्या वर येताना दिसायच्या. मला वाटलं शेवाळ असेल, नाहीतर चित्र दाबून लहान करताना आलेला बिघाड. म्हणून चित्राचा थर पार पातळ केला, सगळं निळंशार केलं. ती गाळपेर होती. पाणी ओसरलं की धरणाच्या पोटातली गाळाची जमीन उघडी पडते आणि लोक त्या ओलीवर पीक घेतात. ती नेटकी, वाफे पाडलेली शेती होती आणि मी तिच्यावर धरण सोडलं होतं.

दुरुस्त करायला गेलो तर गुंता वाढला. चित्रातल्या काठाप्रमाणे कडा आत ओढली, तर उघडी पडलेली जमीन टेबलासारखी सपाट दिसू लागली. याचं कारण उंचीच्या माहितीत होतं. ती अमेरिकेच्या एंडेव्हर अंतराळयानानं २००० सालच्या फेब्रुवारीत, अकरा दिवसांच्या मोहिमेत रडारनं मोजलेली. रडारला पाण्याखालचं दिसत नाही. त्या फेब्रुवारीत धरणात जिथवर पाणी होतं तिथवर त्यानं सपाट पृष्ठभाग नोंदवला. म्हणजे माझ्या एका धरणात तीन वेगवेगळ्या काळांची पाणीपातळी एकावर एक बसली होती. उंची २००० च्या फेब्रुवारीतली, कडा कुण्या स्वयंसेवकाला दिसलेल्या भरल्या धरणाची, आणि रंग कुठल्यातरी तिसऱ्याच उन्हाळ्यातला. असं धरण कुठल्याच दिवशी अस्तित्वात नव्हतं. बीडचं बिंदुसरा आणि वडवणीकडचं कुंडलिका ही धरणं तपासली, तिथंही हाच प्रकार.

यावर मला जमलेला उपाय कष्टाचा आहे. युरोपीय अवकाश संस्थेचे सेंटिनेल-२ उपग्रह २०१५ पासून फिरताहेत. त्यांची चित्रं मोफत मिळतात, आणि प्रत्येक चित्रावर दिवस आणि वेळ असते. दर पाचेक दिवसांनी त्याच जागेचं नवं चित्र. बारकावा दहा मीटरचाच, पण अवरक्त पट्ट्यात पाणी काळंकुट्ट दिसतं आणि ओली जमीन तशी दिसत नाही, त्यामुळे त्या दिवशीची पाण्याची कड नेमकी काढता येते. मी ती हातानं गिरवतो. वळणावर झूम करायचं, काळा ठिपका आणि करडा ठिपका यांच्यामधून रेघ न्यायची, पुढचं वळण. एखाद्या ओहळाच्या फाट्यात शिरलो की संध्याकाळ तिथंच जाते. तळाची जमीन मात्र अजून सपाटच आहे. तिची खरी उंची माझ्याकडे नाही, आणि अंदाजानं उतार द्यायचा नाही असं ठरवलं.

शेततळ्यांची चूक मला सगळ्यात जास्त सलते. २०१६ मध्ये राज्यात मागेल त्याला शेततळे ही योजना सुरू झाली. आज आकाशातून पाहिलं तर आपल्या भागात जागोजागी काळसर-निळे, कोपरे गोलावलेले चौकोन दिसतात. प्लास्टिकचं अस्तर घातलेली तळी. नकाशात त्यांतली फारच थोडी असतात, म्हणून प्रोग्राम तिथं पाणी धरत नाही. सिम्युलेटरमध्ये ते चौकोन नुसते गडद डाग दिसायचे. रंग साफ करण्याच्या त्याच भरात मी शेजारच्या रानाचे तुकडे उचलून त्यांच्यावर डकवले होते. किती तळी बुजवली याची नोंदही ठेवली नव्हती. ज्या माणसानं कर्ज काढून अस्तर घातलं असेल, उन्हाळ्यात टँकरनं त्यात पाणी सोडून फळबाग जगवली असेल, त्याच्या शेतातली सगळ्यात मोलाची गोष्ट मी घाण समजून पुसली. मूळ चित्रं पुन्हा उतरवून ती एकेक करून परत आणली. भरलेलं तळं आणि रिकामं तळं वेगळं ओळखायला आता शिकलो आहे. रिकाम्यात अस्तराच्या सुरकुत्या चमकतात आणि तळाशी गाळाचा फिका गोल असतो.

सावल्यांचं थोडक्यात सांगतो. जमीन टिपणारे बरेचसे उपग्रह सकाळी साडेदहाच्या आसपास डोक्यावरून जातात, म्हणून आपल्याकडे चित्रातल्या सावल्या वर्षातला बहुतेक काळ वायव्येकडे पडतात. सिम्युलेटरमध्ये संध्याकाळी उडालं की त्याच झाडाची दुसरी सावली पूर्वेला. यावर मी सावल्या उजळवून पाहिल्या, तर झाडांखालची जमीन पांढुरकी, आजारी दिसू लागली. सोडून दिलं. सकाळचं उड्डाण करायचं.

एक चूक चित्रांच्या मालकीची. पहिली चित्रं एका परदेशी नकाशा कंपनीची होती. स्वतःपुरती वापरत होतो तोवर एक, पण मी तयार टाइल्स हार्ड डिस्कवर भरून इतरांना वाटल्या. तशी परवानगी मला कुणी दिलेली नव्हती, आणि मी अटी वाचल्याही नव्हत्या. चित्र नेटवर दिसतं म्हणजे ते फुकटात वाटायचं, ही आपल्यात फार रुजलेली समजूत आहे. ती चुकीची आहे. ज्यांना दिल्या त्यांना फोन करून पुसायला सांगितल्या. सेंटिनेलची चित्रं मूळ स्रोताचा उल्लेख करून वाटता येतात. आता देतो ती तीच.

सध्या माझ्याकडे वडवणीचे दोन संच आहेत आणि ते एकमेकांत मिसळत नाहीत. एक ऑक्टोबर २०२२ चा, भरल्या धरणांचा. त्यात कापूस आणि तूर उभी आहे, आणि तो सगळा दहा मीटरच्या चित्रावर आहे. खाली उतरलं की धूसर दिसतो. मित्र म्हणतात, जुनं चित्र जास्त सुरेख होतं. बारकावा हवा म्हणून मार्चमधल्या गंज्या ऑक्टोबरात आणणं मला आता जमणार नाही. दुसरा मे २०२४ चा, दुष्काळ जाहीर झाल्यानंतरच्या उन्हाळ्यातला. त्यात ज्या तुकड्यांची तारीख मिळाली आणि जुळली, तेवढेच बारीक चित्राचे. बाकी तेच दहा मीटर. फोल्डरच्या नावात गावाआधी तारीख लिहितो.

या दोन्ही संचांत बीडला रेल्वे नाही. ती १७ सप्टेंबर २०२५ ला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी आली. अहिल्यानगर-बीड-परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग पुढे वडवणीच्या बाजूनं परळीला जायचा आहे, आणि चित्रांत भरावाची लांबलचक उघडी माती काही ठिकाणी दिसू लागली आहे. ओळखीची मुलं विचारतात, आपल्या सिनरीत गाडी कधी पळणार. रूळ आणि गाडी बसवणं तसं सोपं आहे, एका दुपारचं काम. पण ती जाईल तिसऱ्या संचात. त्याची तारीख अजून ठरलेली नाही. बीडच्या पुढे काम कुठवर आलंय ते मामांना घेऊन जागेवर बघून यायचं आहे, तेवढेच रूळ काढायचे आहेत.